रफार दिसला पाहिजे : जुना लॅपटॉप टीव्हीला जोडण्याचं एक प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका गावचे मास्तर. मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. गावच्या जत्रेला मराठी नाटक होतं. त्याची संहिता टाइप करायची, प्रत्येक नटाची नक्कल, म्हणजे त्याच्या वाट्याच्या संवादांची प्रत, वेगळी काढायची, प्रॉम्प्टरची प्रत मोठ्या अक्षरात छापायची, हे काम कित्येक वर्षं त्यांच्याकडे आहे. पावसाळ्यात हा लिखाणाचा कारखाना चालतो, कारण जत्रांचा मोसम कार्तिकापासून सुरू झाला की तालमींनाच वेळ पुरत नाही.

त्यांचा लॅपटॉप २००९ सालचा, विंडोज ७ वर चालणारा. ऐन श्रावणात त्याचा पडदा काळा झाला.

नवा का घेत नाही, हा प्रश्न मी विचारला, तसा तो प्रत्येकानेच विचारला होता. उत्तर फॉन्टमध्ये होतं. मास्तरांच्या सगळ्या संहिता सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम नावाच्या सॉफ्टवेअरमधून, सुरेख फॉन्टात टाइप केलेल्या. हे युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी सारखंच वाचता येण्याच्या सोयीच्या, आधीचं मराठी. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. बोटांना सवय टाइपरायटरच्या कळफलकाची, तीही त्याच सॉफ्टवेअरमध्ये पक्की बसलेली. तेव्हा यंत्र जुनं असलं तरी त्यातला संसार हलवणं सोपं नव्हतं. पडद्याचं पॅनल बदलून घ्यायचा खर्च चौकशी केल्यावर त्या लॅपटॉपच्या आजच्या किमतीच्या वर जात होता. बैठकीच्या खोलीत मात्र ३२ इंची नवा टीव्ही होता.

मास्तरांनी मागणी सांगितली ती अगदी नेमकी होती. "मला त्यावर सिनेमा बघायचा नाही. रफार दिसला पाहिजे. अनुस्वार आहे की शाईचा डाग, ते कळलं पाहिजे." हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते या वाक्यामुळेच. लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर चित्र उमटलं की बहुतेक जण काम झालं म्हणतात. इथे खरं काम चित्र उमटल्यानंतर सुरू झालं.

आधी काय मेलंय ते बघणं

पडदा काळा म्हणजे यंत्र गेलं असं नसतं. लॅपटॉप चालू केला, पंखा फिरला, विंडोजचा सुरुवातीचा आवाज आला. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरला. अंधुक, पण डेस्कटॉपवरची चित्रं दिसली. याचा अर्थ पॅनल चित्र काढत होतं, फक्त त्याच्या मागचा दिवा विझला होता. ही तपासणी फुकटात होते आणि पुढे फार उपयोगी पडते: जोडणी करताना सेटिंग बदलायला तोच अंधुक पडदा टॉर्चच्या उजेडात वाचता येतो. टॉर्च मारूनही काहीच दिसलं नसतं, तर पुढचं सगळं अंदाजानेच करावं लागलं असतं.

लॅपटॉपची स्वतःची बॅटरी पोटातून किंचित फुगली होती. ती काढून बाजूला ठेवली. त्या काळच्या लॅपटॉपना बॅटरी बाहेरून निघते आणि नुसत्या चार्जरवर यंत्र चालतं. फुगलेली बॅटरी "अजून अर्धा तास चालते की" म्हणून आत ठेवू नये. ती कचऱ्यातही टाकू नये, ई-कचऱ्यात द्यावी.

दोन्ही यंत्रांच्या पाठी

केबल विकत घेण्याआधी दोन्ही यंत्रांची भोकं बघायची असतात. लॅपटॉपला चित्र बाहेर काढायचं एकच तोंड होतं: निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए. हे आयबीएमने १९८७ मध्ये आणलं. टीव्हीला दोन एचडीएमआय, एक यूएसबी, एव्हीचं बारीक गोल भोक आणि अँटेनाची जागा. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या पुष्कळ टीव्हींना 'पीसी इन' नावाने व्हीजीए असायचं. तसा टीव्ही असता तर एका साध्या केबलवर भागलं असतं. नव्या टीव्हींतून ते गेलं.

मास्तरांचा भाचा मी पोचायच्या आधीच फोंड्याच्या बाजारातून एक कन्व्हर्टर घेऊन आला होता. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए. "दोन्ही बाजू बसतात, तरी टीव्ही नो सिग्नल म्हणतो. टीव्हीच खराब असेल, मामा."

टीव्ही खराब नव्हता. कन्व्हर्टर उलट्या दिशेचा होता. दुकानात सर्रास मिळतो तो नव्या लॅपटॉपमधून जुन्या प्रोजेक्टरकडे जाणारा, म्हणजे एचडीएमआयमधून व्हीजीएकडे. व्हीजीएच्या तारांतून लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग शून्य ते ०.७ व्होल्टच्या चढउतारात वाहतात. एचडीएमआयमधून वाहतात ते आकडे. आकड्यांतून व्होल्ट करणारी चिप वेगळी, व्होल्टमधून आकडे करणारी वेगळी. डबीच्या आत यातली एकच असते आणि बाहेरून दोन्ही डब्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. नुसती तार असलेली, कसलीच चिप नसलेली 'व्हीजीए ते एचडीएमआय केबल'ही विकायला असते. ती इथे कुठल्याच दिशेने चालत नाही.

आपल्याला हव्या त्या डबीची खूण सोपी आहे. लॅपटॉपमध्ये घुसणारं टोक व्हीजीएचं, पिना बाहेर आलेल्या; दुसऱ्या अंगाला एचडीएमआयचं भोक; आणि दोन शेपट्या, एक यूएसबीची, एक आवाजाच्या ३.५ मिलिमीटर पिनची. व्हीजीएमधून वीज पुरेशी मिळत नाही म्हणून यूएसबी, आवाज तर मुळीच येत नाही म्हणून ती पिन. शेपट्या नसलेली डबी दिसली तर दोनदा विचारावं. काही शे रुपयांत काम होतं.

आणखी एक सल्ला कुणीतरी दिला होता: व्हीजीएचं एव्हीत रूपांतर करणारी डबी. तो मी जागच्या जागी मोडून काढला. एव्हीचं चित्र 'पाल' या टीव्हीच्या जुन्या पद्धतीचं, ५७६ ओळींचं, त्यातही रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबलेले. त्यावर क्रिकेट दिसेल, संहिता वाचता येणार नाही. बिनतारी जोडणीचा विचारही लांब ठेवला, कारण मिराकास्ट ही पडद्यावरचं चित्र बिनतारी पाठवायची सोय विंडोजमध्ये आली ती ८.१ पासून.

चित्र येईपर्यंत

योग्य डबी आली. टीव्ही, लॅपटॉप, सेट-टॉप बॉक्स सगळं बंद करून जोडणी केली. यूएसबीची शेपटी भाच्याने टीव्हीला लावली होती, ती काढून लॅपटॉपला लावली. टीव्हीचा यूएसबी टीव्ही स्टँडबायला गेला की वीज देणं बंद करू शकतो आणि मग चित्र का गेलं याचा शोध घेत बसावं लागतं. टीव्हीवर इनपुट एचडीएमआय २ निवडला. तरी काळाच.

कारण लॅपटॉपला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. विंडोज ७ मध्ये विंडोजची कळ दाबून ठेवून पी दाबलं की आडवी चौकट येते. डावीकडून क्रम असा: फक्त संगणक, डुप्लिकेट, एक्स्टेंड, फक्त प्रोजेक्टर. बाण एकदा उजवीकडे आणि एंटर, की दोन्हीकडे तेच चित्र. विंडोज १० मध्ये ही यादी उभी होते, म्हणून तिथे बाण खाली. पडदा न दिसताही हे बोटांनी जमतं. विंडोज चालू व्हायच्या आधीचं काही बघायचं असेल तर एफएनसोबतची पडद्याचं चिन्ह असलेली कळ वापरायची. ती एफ ४ असेल की एफ ८, ते लॅपटॉपच्या कंपनीवर.

टीव्हीवर डेस्कटॉप आला. भाच्याने टाळी वाजवली आणि उत्साहात पर्याय एक्स्टेंडवर नेला. मास्तरांनी संहितेवर दोनदा टिचकी मारली, फाइल उघडली ती नेमकी मेलेल्या पडद्यावर. एक्स्टेंडमध्ये विंडोजला वाटतं की दोन टेबलं शेजारी शेजारी आहेत, त्यातलं एक अंधारात आहे हे त्याला कळत नाही. अशी हरवलेली खिडकी विंडोज, शिफ्ट आणि बाण या कळा एकत्र दाबून दुसऱ्या पडद्यावर ओढता येते. पण कायमचा उपाय म्हणजे चौथा पर्याय, फक्त प्रोजेक्टर. डुप्लिकेटवरही ठेवू नये: त्यात दोन्ही पडद्यांना चालेल असाच आकार विंडोज निवडतं आणि मेलेल्या पडद्यापायी जिवंताला तडजोड करावी लागते.

चित्र आलं, अक्षर नाही

इथून पुढचा भाग मास्तरांचा. त्यांनी चष्मा चढवला, टीव्हीजवळ गेले आणि म्हणाले, "वरची पट्टी कुठे गेली?"

वर्डची सगळ्यात वरची पट्टी आणि खाली स्टार्टचं बटण, दोन्ही चौकटीच्या बाहेर गेले होते. ही टीव्हीची जुनी खोड. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा नीट राहत नसत, म्हणून चित्र मुद्दाम चौकटीपेक्षा थोडं मोठं काढून कडा झाकायचे. नळी गेली, सवय राहिली. चपटे टीव्हीही बाहेरून आलेलं चित्र काही टक्के फुगवून दाखवतात. मॉनिटर असं कधी करत नाही. रिमोटवरून चित्राच्या आकाराच्या यादीत गेलं की यावरचा पर्याय सापडतो, फक्त त्याला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय: कुठे जस्ट स्कॅन, कुठे स्क्रीन फिट, कुठे डॉट बाय डॉट. १६:९ हा तो पर्याय नव्हे, हे लक्षात असू द्यावं. लॅपटॉपच्या बाजूने चित्र आक्रसून बसवणारी सेटिंगही असते, पण ती म्हणजे आधी फुगवायचं आणि मग त्याला पुरून उरेल इतकं आवळायचं. अक्षर दोनदा चुरगळतं.

पट्टी परत आली. आता अक्षर. लॅपटॉपने स्वतःहून १९२० × १०८० निवडलं होतं, कारण डबीने तेच आपलं म्हणून सांगितलं. टीव्ही मात्र 'एचडी रेडी', म्हणजे आतलं पॅनल १३६६ × ७६८ ठिपक्यांचं. हजारावर ओळींचं चित्र साडेसातशेच्या आसपास ओळींत बसवताना टीव्ही शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतो. फोटोत ते कळत नाही. देवनागरीत लगेच कळतं, कारण आपली शिरोरेखा ही सरळ आडवी रेघ: ती एका ओळीत जाड, पुढच्या ओळीत पातळ दिसू लागली. रफार आणि एकाराची मात्रा एकमेकींत विरघळले. 'गर्व' आणि 'गवे' यांत फरक करायला मास्तरांना वाक्याचा संदर्भ लागत होता.

म्हणून लॅपटॉपवरून १३६० × ७६८ निवडलं, ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र. १३६६ का नाही? पडद्याच्या मापांच्या जुन्या मानकांत आडव्या ठिपक्यांची संख्या आठाने भागली जावी लागते. १३६६ ला आठाने भाग जात नाही, १३६० ला जातो. टीव्हीच्या दोन्ही कडांना मिळून सहा ठिपक्यांची काळी रेघ राहते, ती कुणाला दिसतही नाही. पण आता लॅपटॉपचा एक ठिपका म्हणजे टीव्हीचा एक ठिपका. शिरोरेखा सगळीकडे सारखी झाली.

तरीही अक्षराभोवती पांढरी कड होती, जणू खडूने बाहेरून गिरवलेली. ही टीव्हीची शार्पनेस. ती खऱ्या अर्थाने तीक्ष्णता वाढवत नाही, कडेशेजारचा उजेड-अंधार भडक करते. शोरूममध्ये नजरेत भरावं म्हणून ती चढवून ठेवलेली असते. शार्पनेस खाली आणली. नॉईज रिडक्शन बंद केलं, कारण ते बारीक दाणे पुसट करतं. सिनेमात ते दाणे, मास्तरांच्या पानावर ते अनुस्वार. हालचाल गुळगुळीत करणारे प्रकारही बंद केले. त्याने टाइप करताना कळ आणि अक्षर यांच्यातला उशीर कमी झाला. ज्यांच्या टीव्हीत गेम मोड आहे त्यांनी तो लावून बघावा, खेळ खेळायचे नसले तरी.

शेवटची तक्रार लाल अक्षरांची. मास्तर रंगसूचना, म्हणजे नटाने रंगमंचावर काय करायचं ते, लाल रंगात लिहितात, कंसात. काळे संवाद स्वच्छ, पण "(विंगेत बघत)" मात्र पाण्यात भिजल्यासारखं. कित्येक टीव्ही उजेडाची माहिती पूर्ण तपशिलात घेतात आणि रंगाची निम्म्या, कारण सिनेमात डोळ्याला तो फरक जाणवत नाही. पांढऱ्यावर लाल बारीक अक्षर आलं की जाणवतो. यावरचा उपाय बऱ्याच टीव्हींत एका विचित्र जागी दडलेला असतो: इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआयला नाव द्यायची सोय असते, तिथे 'पीसी' असं नाव निवडायचं. नाव बदललं की टीव्ही वागणूकही बदलतो. या टीव्हीत ते जमलं. शेवटी विंडोज ७ मधला क्लिअरटाइपचा, म्हणजे अक्षरांच्या कडा सुवाच्य करणाऱ्या सोयीचा, ट्यूनर नव्या पडद्यासाठी पुन्हा चालवला. नमुन्यांतला कुठला नीट वाटतो हे मी नाही, मास्तरांनी ठरवलं.

एवढं करूनही थेट डिजिटल जोडणीइतकं चित्र लखलखीत येत नाही. डबीला व्होल्टचा चढउतार नेमक्या क्षणी मोजावा लागतो आणि स्वस्त डबीत तो क्षण हाताने सरकवायची सोय नसते. बारीक उभ्या रेघांत किंचित थरथर राहिली आहे. मास्तर म्हणाले, "हे चालेल, माझ्या डोळ्यात याहून जास्त थरथर आहे."

बसायचं कुठे

लॅपटॉपचा पडदा १५.६ इंची, तोही १३६६ × ७६८. तेवढेच ठिपके ३२ इंचांवर पसरले की इंचाला शंभराऐवजी ४९ पडतात. म्हणजे नवीन काही जास्त दिसत नाही, तेच दुप्पट मोठं दिसतं. लॅपटॉप दोन फुटांवरून जसा दिसायचा तसाच टीव्ही चार फुटांवरून. सोफा होता नऊ फुटांवर, तिथून अक्षर लहानच. टीव्ही चिऱ्याच्या भिंतीवर बऱ्याच उंचावर ठोकलेला, मान वर करून तासभर टाइप करणं अशक्य. तो ब्रॅकेटवरून उतरवून टेबलावर आणला, मास्तरांची खुर्ची साडेतीन फुटांवर ठेवली, साधा यूएसबी कीबोर्ड आणि माउस लावला. झाकण मिटल्यावर काही करू नये, अशी सेटिंग पॉवर ऑप्शन्समध्ये केली. पण झाकण पूर्ण मिटून ठेवत नाही, थोडं उघडं असतं. जुनी यंत्रं कळफलकाच्या फटींतूनही उष्णता सोडतात आणि आपल्या हवेत त्यांना ती सवलत लागते.

आवाजाची पिन हेडफोनच्या भोकात गेली की नाट्यगीतांच्या तालमींचं ध्वनिमुद्रण टीव्हीतून ऐकू येतं. लॅपटॉपचा आवाज बराच वर ठेवून टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त करायचं.

टीव्ही खाली आला त्यावर घरात थोडी बोलणी झाली. काकूंचं म्हणणं, "सकाळी तुमचं नाटक, संध्याकाळी माझ्या मालिका. मध्ये वायरी काढायला लावू नका." वायरी काढाव्या लागत नाहीत: सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय १ वर, लॅपटॉप २ वर, रिमोटवर एक बटण.

खरं सांगायचं तर टीव्ही नसता तर मी व्हीजीए असलेला जुना १९ इंची मॉनिटर सुचवला असता. डबी नाही, फुगवलेलं चित्र नाही, खोडी नाहीत. इथे टीव्ही घरात होता आणि मोठं अक्षर ही डोळ्यांची गरज होती, म्हणून हा मार्ग.

झिणझिण्या

जोडणी चालू असताना भाच्याचा हात टीव्हीच्या मागच्या पत्र्याला आणि डबीच्या धातूला एकदम लागला आणि तो दचकला. घर जुनं, कौलारू. टीव्ही दोन पिनांच्या प्लगवर, लॅपटॉपच्या चार्जरला तीन पिना असूनही भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तारच नव्हती. अशा चार्जरच्या आतले गाळणीचे कपॅसिटर २३० व्होल्टचा साधारण अर्धा दाब धातूच्या कवचावर आणून ठेवतात. प्रवाह फार थोडा, माणसाला झिणझिण्या येतात इतपत. एचडीएमआयच्या चिपला मात्र चालू स्थितीत केबल खुपसताना तो पुरेसा होऊ शकतो. वायरमन बोलावून त्या सॉकेटला अर्थिंग करून घेतलं आणि लॅपटॉप, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स तिन्ही एकाच बोर्डावर आणले. झिणझिण्या गेल्या.

छपरावरच्या डिशची केबल हा वेगळा धोका. गडगडाटात नुसतं बटण बंद करून भागत नाही, ती केबल सेट-टॉप बॉक्समधून काढावी लागते. पूर्वी तिच्यामार्गे आलेली वीज बॉक्स आणि टीव्हीपर्यंतच थांबली असती, आता एचडीएमआयने ती साखळी मास्तरांच्या लॅपटॉपपर्यंत पोचते. बॅटरी काढलेली असल्याने लाइट गेली की लॅपटॉप जागच्या जागी बंद पडतो. वर्डमध्ये आपोआप जतन व्हायची वेळ दोन मिनिटांवर आणली आहे.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा सुधार १४ जानेवारी २०२० पासून बंद झालेत, म्हणून या यंत्राचं इंटरनेट काढून टाकलं. फाइली पेन ड्राइव्हने बाहेर जातात, त्याही पीडीएफ करून, म्हणजे सुरेख फॉन्ट त्यातच बसतो आणि छापखान्यात चिवडा होत नाही. जुन्या संहिता युनिकोडमध्ये नेण्याचं काम भाच्याकडे दिलंय. रूपांतरानंतर प्रत्येक पान मास्तर स्वतः वाचतात, कारण रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतो तो याच वेळी.

यानंतर मला एकदाच फोन आला. टाइप करता करता टीव्ही आपोआप बंद पडत होता. रिमोटला बराच वेळ हात लागला नाही की बघणारा झोपला असं समजून टीव्ही स्वतःला बंद करतो. कीबोर्डवर चाललेली खटपट त्याला कळत नाही. वीज वाचवण्याच्या सेटिंगमध्ये ऑटो पॉवर ऑफ असं होतं, ते बंद करायला फोनवरच सांगितलं.